साध्या माणसाचा मूकपट: कॅमेरा किती लांब उभा करायचा?

न्यूयॉर्कमधली एक उंचच उंच इमारत. कॅमेरा पायथ्याशी उभा राहून मान वर करतो आणि मग भिंतीवरून चढायला लागतो. एकसारख्या खिडक्यांच्या ओळी मागे पडत जातात. एका खिडकीपाशी तो थबकतो, काचेतून आत शिरतो आणि समोर अवाढव्य ऑफिस पसरतं. टेबलांच्या रांगाच रांगा, प्रत्येक टेबलावर खाली घातलेली एक मान. कॅमेरा त्या टेबलांवरून तरंगत जातो आणि एका टेबलाजवळ खाली उतरतो. टेबल क्रमांक १३७. तिथे बसलेला जॉन सिम्स हा या चित्रपटाचा नायक. त्याची ओळख करून देण्याआधी कॅमेऱ्यानं आपल्याला सांगून टाकलंय की असे इथे शेकडो आहेत.

चित्रपट 'द क्राउड', साल १९२८, दिग्दर्शक किंग व्हिडोर, छायालेखक हेन्री शार्प, निर्मिती हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओची. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. एक मुलगा जन्माला येतो, मोठा होऊन शहरात जातो, कारकुनी करतो, लग्न करतो, मुलं होतात, एक मूल जातं, नोकरी सुटते, संसार मोडता मोडता राहतो. खलनायक नाही, रहस्य नाही. तरीही साध्या आयुष्यावर मूकपट कसा करावा याचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला सापडलेलं नाही. अमेरिकेत या चित्रपटाचे कॉपीराइट हक्क २०२४च्या सुरुवातीला संपले.

गेल्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर सात मिनिटांचा मूकपट केला, मोबाइलवर. गिरणीच्या घरघरीत संवाद ऐकूच येत नाहीत, म्हणून मूकपट सुचला. त्यात जे चुकलं आणि जे जमलं, ते 'द क्राउड'च्या आधारानं पायरी पायरीनं मांडतो. तुम्हालाही आपल्या भोवतीच्या एखाद्या माणसावर असा छोटा मूकपट करायचा असेल, तर हे उपयोगी पडेल.

पायरी १: चित्रपट तीन वेळा बघा

पहिल्यांदा नुसता बघा, पार्श्वसंगीतासह. रडू आलं तर येऊ द्या.

दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करा. मूकपट त्या काळीही शांततेत दाखवत नसत, थिएटरात वाजवणारे असायचेच. पण आपल्याला शिकायचंय, आणि संगीत चालू असलं की कॅमेऱ्यानं काय केलं आणि व्हायोलिननं काय केलं हे वेगळं करता येत नाही. आवाज बंद केल्यावर काही प्रसंग फिके पडतील, काही तितकेच टोचतील. टोचणारे लिहून ठेवा.

तिसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि प्रत्येक दृश्यापुढे एकच गोष्ट लिहा: माणूस पडद्यावर केवढा दिसतोय. मुंगीएवढा, हातभर, की चेहरा पडदाभर. मी हे केलं तेव्हा वहीत एक आलेखच तयार झाला. जॉनला वाटत असतं की आपण चारचौघांपेक्षा वेगळे आहोत, त्या क्षणांत कॅमेरा त्याच्या जवळ असतो. आयुष्य त्याला त्याची जागा दाखवतं तेव्हा कॅमेरा लांब गेलेला असतो. सगळा चित्रपट या जाण्यायेण्यावर उभा आहे. मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचंय: साध्या माणसाच्या गोष्टीत घटना थोड्या असतात, त्यामुळे नाट्य येतं ते कॅमेऱ्याच्या अंतरातून. ते अंतर चित्रीकरणाआधी ठरवावं लागतं.

पायरी २: एक माणूस, आणि त्याची एकच समजूत

व्हिडोरचा 'द बिग परेड' हा १९२५चा युद्धपट प्रचंड चालला होता. पुढे काय, असं निर्माता आयर्विंग थॅलबर्गनं विचारलं, तेव्हा व्हिडोरनं सांगितलं की एक सामान्य माणूस आयुष्यातून चालत जातो आणि त्याच्या आजूबाजूला नाट्य घडत राहतं, असं काहीतरी करावं. एवढ्यावर स्टुडिओनं होकार दिला. आपल्याला स्टुडिओला विचारायचं नाही, तरी ही कसोटी घेण्यासारखी आहे. तुमची गोष्ट एका वाक्यात सांगा. त्या वाक्यात 'अचानक' हा शब्द आला, तर परत विचार करा.

नुसता 'सामान्य माणूस' मात्र पुरत नाही. जॉनचा जन्म ४ जुलै १९०० चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. बाप म्हणतो, हा मोठा माणूस होणार. जॉनला हे आयुष्यभर खरं वाटतं. ही त्याची समजूत आहे, आणि प्रत्येक प्रसंगात तिला धक्का बसतो. माणूस साधा असला तरी त्याची स्वतःबद्दलची समजूत साधी नसते. ती शोधा.

माझ्या गिरणीवाल्या काकांच्या बाबतीत ती सापडायला पंधरा दिवस लागले. मी सुरुवातीला 'पाकिटातल्या आट्यामुळे गिरणी ओस पडली' अशी गोष्ट धरून बसलो होतो. ती बातमी झाली. मग एकदा पाहिलं: दळण पडायला लागलं की काका पीठ चिमटीत घेऊन अंगठ्यानं तर्जनीवर घासतात, क्षणभर थांबतात आणि चाक किंचित फिरवतात. प्रत्येक डब्याला हेच. भाकरीचं पीठ वेगळं, पुरणपोळीचं वेगळं, भाजणीचं वेगळं. आपल्या बोटांना जे कळतं ते दुसऱ्या कुणाला कळत नाही, अशी त्यांची खात्री आहे. हीच समजूत. गिऱ्हाईक कमी झालंय याहून त्यांना हे जास्त लागतं की कुणी पीठ चिमटीत घेऊन बघत नाही.

पायरी ३: खोली नीट भरा

'द क्राउड'मधलं जॉन आणि मेरीचं घर लक्षात राहतं ते तिथल्या बिघडलेल्या वस्तूंमुळे. भिंतीत दुमडणारा पलंग. खिडकीबाहेरून धडधडत जाणारी उन्नत रेल्वे. नीट न लागणारं दार, दुरुस्तीला आलेला संडास. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये संडासाचं भांडं पडद्यावर दाखवत नसत. व्हिडोरनं ते दाखवलं. नवराबायकोच्या भांडणाचा प्रसंग या वस्तूंवरूनच चढत जातो. हे लागत नाही, ते गळतंय, तू दुरुस्त का करत नाहीस. पैसा आणि प्रेम हे शब्दही न काढता दोन्हींबद्दलचं भांडण होतं. आणि तो निघाल्यावर मेरी त्याला खिडकीतून परत बोलावते, कारण तिला दिवस गेल्याचं अजून सांगायचं राहिलेलं असतं.

तेव्हा पटकथा लिहिण्याआधी वस्तूंची यादी करा. जागेवर एक तास बसा आणि फक्त हात ज्या ज्या गोष्टींना लागतात त्या लिहा. माझी यादी अशी होती: शटरची साखळी, मोटरचा खटका, पट्टा, लोखंडी वजनं, पीठ झटकायचा कुंचा, स्टीलचे डबे, डब्यांवर रंगानं घातलेली आडनावं, कापडी पिशव्या, चिठ्ठ्या ('ज्वारी, जाडसर'), पैशांचा पत्र्याचा डबा, चहाचा ग्लास आणि त्यावर पीठ पडू नये म्हणून ठेवलेली बशी. ती बशी मला सगळ्यात मोलाची वाटली. ती झाकणं आणि काढणं यात माणसाचा सबंध दिवस दिसतो.

यादीतली प्रत्येक वस्तू किमान दोनदा वापरता येईल का पाहा. एकदाच दिसणारी वस्तू ही सजावट असते. ती परत आली की प्रेक्षक तिच्याकडे बघायला लागतो.

पायरी ४: अंतर ठरवा

इथे घाई करू नका.

जॉन बारा वर्षांचा असतानाचा एक प्रसंग आहे. वडिलांना काहीतरी झालंय, दारात माणसं जमली आहेत. कॅमेरा जिन्याच्या वरच्या टोकाला, जागचा न हलता खाली बघतोय. जिना मुद्दाम खोल आणि अरुंद भासेल असा बांधलेला. मुलगा गर्दीतून सुटून एकेक पायरी चढत वर येतो, आपल्याकडे, आणि येता येता मोठा मोठा होत जातो. मागे खाली दारात ती माणसं तशीच, लहान. वडील गेल्याचं त्याला कळतं तोवर तो आपल्या अगदी जवळ आलेला असतो. कॅमेरा एक इंच हलला नाही, तरी लांबच्या दृश्याचं जवळचं दृश्य झालं. गर्दीतला एक मुलगा पायरीपायरीनं एकटा झाला. यात बांधलेला सेट आहे, खोटा परिप्रेक्ष्य आहे, आणि तरी भीती शंभर टक्के खरी. ज्यांना वास्तववाद म्हणजे खऱ्या जागी हलत्या हातानं केलेलं चित्रण वाटतं, त्यांनी हा जिना पुन्हा पुन्हा बघावा.

याची उलट चाल प्रसूतिगृहात आहे. लांबच लांब दालन, खाटांच्या रांगा, आणि त्यात बायकोला शोधत निघालेला बारकासा जॉन. ऑफिसातली टेबलं आठवतात. त्याला वाटतंय की जगात पहिल्यांदाच कुणी बाप होतोय. कॅमेऱ्याला त्या खाटा मोजता येतात.

आता आपलं काम. प्रत्येक प्रसंगासाठी कागदावर तीन रकाने आखा: माणसाला या क्षणी काय वाटतंय, जगाला त्याचं काय वाटतंय, आणि यातली कुठली बाजू दाखवायची. पहिली दाखवायची तर जवळ या, दुसरी दाखवायची तर लांब जा. दोन्ही दाखवायच्या असतील तर कॅमेरा एका जागी ठेवून माणसाला चालवा, जिन्यासारखं.

मोबाइलवर हे करताना काही गोष्टी पाळा.

झूम वापरू नका, पायांनी पुढे-मागे व्हा. झूमनं माणूस मोठा होतो, पण त्याच्या मागची जागा बदलत नाही, आणि मूकपटात मागची जागाच बोलत असते. चेहऱ्यासाठी मात्र मुख्य लेन्सनं अगदी नाकाशी जाऊ नका, चेहरा फुगतो. फोनला दुप्पट अंतराची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर दीड-दोन मीटरवर थांबून नंतर कडा कापा.

उंची आधी ठरवा. आपण उभं राहून फोन धरतो, त्यामुळे बसून काम करणारा प्रत्येक माणूस वरून टिपला जातो आणि बिचारा दिसतो. माझं पहिल्या दोन दिवसांचं चित्रण यामुळेच वाया गेलं. काका स्टुलावर बसतात आणि मी त्यांच्याकडे सतत वरून बघत होतो. तिसऱ्या दिवशी पिठाच्या पोत्यावर बसून फोन त्यांच्या हनुवटीच्या उंचीला आणला, आणि ते एकदम आपल्या गिरणीचे मालक दिसायला लागले.

चौकट आडवी, ४:३ ठेवा. मूकपटांची चौकट साधारण अशीच होती, आणि एका माणसाला धरून ठेवायला ती फार चांगली. रुंद चौकटीत एकट्या माणसाच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते आणि ती भरायच्या नादात आपण नको त्या वस्तू आणून ठेवतो.

वेग सेकंदाला २५ चौकटी आणि शटर, म्हणजे एका चौकटीवर उजेड पडण्याचा वेळ, एक-पन्नासांश सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं यात ट्यूबलाइटची फडफड येत नाही. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात हे ठरवता येत नसेल तर तशी सोय असलेलं ॲप घ्या. फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, नाहीतर दारातून कुणी आत आलं की चित्र आपोआप उजळतं-काळवंडतं आणि प्रेक्षकाला फोन जाणवतो.

आणि कृपा करून चित्र जलद पळवू नका. जुने मूकपट धावपळीचे दिसतात ते बहुतेकदा चुकीच्या वेगानं दाखवल्यामुळे. कमी वेगानं टिपलेली फिल्म पुढे बोलपटांच्या, सेकंदाला २४ चौकटींच्या वेगानं चालवली गेली. त्या काळच्या प्रेक्षकांना माणसं सहसा अशी तुरुतुरु चालताना दिसत नसत.

पायरी ५: कॅमेरा हलवायचा तर कारणानं

सुरुवातीला सांगितलेला इमारतीचा शॉट कसा केला ते कळलं की धीर येतो. पायथ्यापासून वर बघणारं चित्र खऱ्या इमारतीचं. मग चढणारा कॅमेरा: इमारतीची छोटी प्रतिकृती स्टुडिओच्या जमिनीवर आडवी झोपवली आणि कॅमेरा तिच्यावरून सरकवला. म्हणजे वर चढलं कुणी नाहीच, सगळं जमिनीला समांतर. खिडकीपाशी एक चित्र दुसऱ्यात विरघळवलं, आणि आतल्या ऑफिसात, दोनशे टेबलं मांडलेल्या दालनात, वर ताणलेल्या तारांवरून कॅमेऱ्याचा पाळणा जॉनपर्यंत नेला. तीन तुकडे आणि दोन सांधे.

जर्मनीत दिग्दर्शक मुर्नाऊनं १९२४ मध्ये 'द लास्ट लाफ'मध्ये कॅमेरा असा मोकळा सोडला होता. हॉटेलच्या दरवानाची गोष्ट. छायालेखक कार्ल फ्रॉइंड सायकलवर बसून लिफ्टमधून खाली येत थेट दालनात शिरला; दारूच्या अमलाच्या प्रसंगात त्यानं कॅमेरा छातीला बांधला. हॉलिवूडनं हे सगळं डोळे फाडून पाहिलं. पण व्हिडोरची करामत वेगळी आहे. त्याचा कॅमेरा हलतो तो मोजणी करण्यासाठी, इतक्यांतला हा एक असं सांगण्यासाठी. एरवी तो बहुतेक स्थिर असतो. म्हणून हलतो तेव्हा जाणवतो.

हा शॉट घरी करता येतो. इमारतीचा समोरून काढलेला स्वच्छ फोटो मोठ्या कागदावर छापून घ्या आणि जमिनीवर आडवा ठेवा. दोन स्टुलांवर एक गुळगुळीत फळी टाका. फोन फळीच्या कडेवर असा ठेवा की लेन्स बाहेर डोकावेल, खाली पातळ रुमाल घाला, आणि रुमाल धरून सावकाश ओढा. मी हेच काकांच्या डब्यांवर केलं. रांगेत मांडलेले सत्तावीस डबे, वरून फक्त झाकणं आणि आडनावं सरकत जातात, आणि शेवटचा डबा झाकणाशिवायचा, त्यात काकांचा पिठानं माखलेला हात. दहा वेळा फळी कुरकुरली आणि चित्र हललं; अकराव्यांदा रुमालाखाली टाल्कम पावडर भुरभुरवली तेव्हा जमलं. तो बारा सेकंदांचा शॉट माझ्या सगळ्या चित्रपटातला एकमेव हलता शॉट आहे.

सांधा मारताना एकच लक्षात ठेवा: दोन्ही तुकड्यांत हालचालीची दिशा आणि वेग सारखा हवा. पहिला तुकडा थांबायच्या आत दुसरा विरघळायला सुरुवात व्हायला हवी.

पायरी ६: खरी गर्दी

व्हिडोरनं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खऱ्या माणसांत चित्रीकरण केलं. हातगाडीवर खोकी रचली, खोकी आतून पोकळ, आत एक लहानखुरा छायालेखक आणि कॅमेरा. ही गाडी बॉवरीपासून टाइम्स स्क्वेअरपर्यंत ढकलत नेली आणि कुणाला पत्ता लागला नाही, असं त्यानं पुढे लिहिलं. त्या दृश्यांतल्या माणसांच्या चालण्यात जे आहे ते पैसे देऊन आणलेल्या गर्दीत येत नाही. माणूस खरोखर कुठेतरी जात असला की त्याचे खांदे वेगळे असतात.

आज आपल्याला खोक्याची गरज नाही. हातात फोन घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे कोण बघतं? म्हणूनच जबाबदारी वाढते. माझे नियम असे आहेत. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू येईल इतक्या जवळून विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. गर्दी हवी तर लांबून, पाठमोरी किंवा पायांची घ्यायची. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय काहीच नाही. रेल्वेच्या हद्दीत परवानगी काढल्याशिवाय फोन बाहेर काढायचा नाही. दुकानात मालकाला आधी सांगायचं, आणि घेतलेलं चित्र त्याच दिवशी त्याला दाखवायचं. दाखवल्यावर नको म्हणाला तर तिथेच पुसायचं.

दुकानाच्या आत अंधारात बसून बाहेरच्या उजेडातला रस्ता टिपला तर बाहेरच्यांना तुम्ही दिसत नाही आणि सगळी माणसं सावलीसारखी येतात, चेहरे ओळखू येत नाहीत. गिरणीच्या दारातून मी अशीच गल्ली घेतली. काकांची पाठ जवळ, बाहेर जाणारी-येणारी माणसं लांब.

पायरी ७: माणसाला काम द्या, भाव मागू नका

जॉनची भूमिका करणारा जेम्स मरे तोवर जवळजवळ एक्स्ट्रा होता. मेरी झालेली एलेनॉर बोर्डमन नावाजलेली नटी, व्हिडोरची तेव्हाची पत्नी, आणि इथे तिला दमलेली, विस्कटलेली गृहिणी दिसू दिलं आहे. नायक प्रसिद्ध नसणं या गोष्टीला आवश्यकच होतं: ओळखीचा तारा गर्दीत हरवू शकत नाही. मरेचं पुढचं आयुष्य दारूत गेलं आणि १९३६ मध्ये हडसन नदीत बुडून त्याचा अंत झाला. हे माहीत झाल्यावर रेल्वेरुळांवरच्या पुलावर आत्महत्येच्या विचारात उभा राहिलेला जॉन मला धड बघवत नाही.

बर्लिनमध्ये १९३० साली आलेल्या 'पीपल ऑन संडे'नं आणखी पुढचं पाऊल टाकलं. टॅक्सीचालक, रेकॉर्ड विकणारी मुलगी अशा खऱ्या माणसांनी स्वतःच्याच भूमिका केल्या, आणि त्यांच्या नोकऱ्या असल्यानं चित्रीकरण रविवारी चालायचं.

हौशी माणसाला 'उदास दिसा' म्हटलं की चेहरा ताठरतो. त्याऐवजी हाताला काम द्या. मोजा, पुसा, बांधा, शोधा. काकांना मी इतकंच सांगितलं होतं की सुटे पैसे मोजा, आणि पत्र्याच्या डब्यात आधीच नेहमीपेक्षा कमी नाणी ठेवली होती, त्यांना सांगूनच. दोनदा मोजताना त्यांच्या कपाळावर जे आलं ते मी सांगून आलं नसतं.

पायरी ८: पाट्या कमी, परतफेड जास्त

संवादाच्या आणि माहितीच्या पाट्या सात मिनिटांत सहाच्या वर नकोत. एका पाटीवर आठ-दहा शब्द, आणि तुम्ही ती मनात सावकाश दोनदा वाचाल इतका वेळ ती पडद्यावर. चित्रात दिसतंय ते पाटीवर लिहू नका. आपल्या बोलीतलं एखादं वाक्य मात्र जरूर असू द्या. 'बारीक की जाडसर?' ही माझ्या चित्रपटातली पहिली पाटी, आणि बघणाऱ्यांना तिथे आवाज ऐकू आला.

पाट्यांचं काम पुनरावृत्तीवर सोपवा. जॉन आणि मेरी पहिल्या भेटीत उघड्या डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर बसलेत. खाली रस्त्यावर जाहिरातीची पाटी अंगावर अडकवून चेंडू झेलणारा विदूषक दिसतो. जॉन त्याला हसतो: याच्या बापाला वाटलं असेल, पोरगा राष्ट्राध्यक्ष होईल. वर्षांनंतर नोकरी गेलेला जॉन स्वतः तीच पाटी अडकवून चेंडू झेलतो. तेव्हा आपण बसच्या उंचीवर होतो, आता त्याच्याबरोबर रस्त्यावर आहोत. कुणी काही समजावून सांगत नाही. तुमच्या गोष्टीतली एक कृती अशी निवडा जी सुरुवातीला एकाची आणि शेवटी दुसऱ्याची असेल, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याची उंची बदला.

पायरी ९: न ऐकू येणारा आवाज

मूकपटातला आवाज ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जॉनची मुलगी ट्रकखाली सापडते. घोषवाक्याच्या स्पर्धेत पाचशे डॉलर मिळालेत, खेळणी आणलीत, आईबाप खिडकीतून मुलांना हाका मारतात आणि मुलं रस्ता ओलांडून धावत येतात. मुलगी घरात शेवटच्या घटका मोजतेय आणि बाहेर शहर आपल्या तंद्रीत गर्जतंय. जॉन रस्त्यावर धावतो, हात वर करून, ओठांवर बोट ठेवून, समोरून येणाऱ्या लोंढ्याला 'हळू, हळू' म्हणत. पोलीस त्याला घरात पिटाळतो: तुझं पोर आजारी म्हणून जग थांबत नाही. पडद्यावर चिटपाखराचा आवाज नाही, आणि तो कोलाहल मात्र असह्य होतो. कारण आवाज आपल्याला ऐकवला नाही, त्यानं हैराण झालेला माणूस दाखवला.

पुढे ऑफिसात आकडेमोड करताना तोच अपघात त्याच्या डोक्यात परत परत घडतो. आकडे आणि ट्रक एकाच चौकटीत, चित्रावर चित्र. वास्तववादी चित्रपटात अशी युक्ती चालते का? चालते, कारण दुःखात माणसाला खरोखर असंच दिसतं.

साध्या माणसाचा मूकपट आपल्याकडेही झालाय. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२५ साली 'सावकारी पाश' केला. नारायण हरी आपट्यांची कथा, जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम. 'द क्राउड'च्या तीन वर्षं आधी. तो मूकपट आज आपल्याला बघायला मिळत नाही, पण पेंटरांनी १९३६ मध्ये त्याचा बोलपट केला, आणि चित्रपटकार जे. बी. एच. वाडियांना त्या बोलपटातली अंधारात टिपलेली उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं कित्येक वर्षांनी आठवत होतं. ते त्यांच्या कानांत राहिलं होतं. पेंटरांचा मूळ मूकपट हरवला याची हळहळ मला कायम वाटते.

तुमच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा आवाज शोधा आणि तो चार गोष्टींतून दाखवा: थरथरणारी वस्तू, वळलेली मान, थांबलेला हात, आणि आवाज संपल्यावरची स्थिर वस्तू. गिरणी चालू असताना बशीखालच्या चहावर बारीक वर्तुळं उठतात. वीज गेली की ती विरतात. मी भारनियमनाचा प्रसंग तेवढ्या एका ग्लासावर घेतला, अगदी जवळून, खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात.

पायरी १०: शेवट लिहा, मग आणखी दोन लिहा

स्टुडिओला या चित्रपटाचा शेवट काही केल्या पसंत पडेना. सात शेवट चित्रित केले, असं व्हिडोर सांगत असे. शेवटी थिएटरवाल्यांकडे दोन पाठवले गेले, त्यातला एक नाताळच्या झाडाभोवती जमलेल्या सुखी, श्रीमंत कुटुंबाचा. टिकला तो दुसरा. जॉन, मेरी आणि मुलगा नाट्यगृहात विदूषकांचा खेळ बघताहेत. कार्यक्रमपत्रिकेत जॉनचं ते जुनं घोषवाक्य छापलंय, मेरी ते शेजारच्याला दाखवते. सगळे हसताहेत. कॅमेरा मागे जातो, वर जातो, आणि हे तिघं हसणाऱ्या माणसांच्या समुद्रात दिसेनासे होतात. सुखी शेवट आहे की दुःखी, यावर मी मित्रांशी तासन् तास वाद घातलाय. आता मला वाटतं, कॅमेऱ्यानं पहिल्या शॉटची चाल उलटी केली आहे. तेव्हा शेकड्यांतून एक शोधला, आता तो परत शेकड्यांत सोडला.

तुम्हीही तीन शेवट कागदावर लिहा. एक ज्यात माणसाला हवं ते मिळतं, एक ज्यात मिळत नाही, आणि एक ज्यात कॅमेरा फक्त आपली जागा बदलतो. तिन्ही चित्रित करा; मोबाइलला फिल्मचा खर्च नाही. मग दोन-चार माणसांना आवाजाशिवाय दाखवा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. कुठे कुणी चुळबुळ केली, कुठे फोन उचलला, ती वेळ टिपून ठेवा आणि तिथे कात्री लावा. संगीत सगळ्यात शेवटी, तेही एखादंच वाद्य. पहिला प्रयोग ज्याच्यावर चित्रपट केलाय त्याच्यासाठी असावा.

मी काकांना गिरणीतच दाखवला, दुपारी, मोटर बंद करून, पोत्याला टेकवलेल्या लॅपटॉपवर. चिमटीचा शॉट आला तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितलं, पडद्याजवळ वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे ज्वारीचं नाही, बाजरीचं आहे. तुम्ही चिठ्ठी ज्वारीची दाखवलीय." त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन घेऊन मी तो शॉट परत घ्यायला गेलो.